वाचकांचे प्रश्न : घरगुती ध्वनिमुद्रण आणि मोफत प्लगिन

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे घरच्या घरी होणाऱ्या ध्वनिमुद्रणाविषयी आहेत. त्यांतील चार प्रश्न येथे घेतले आहेत. प्लगिन म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे पूरक सॉफ्टवेअर.

प्रश्न : मी शास्त्रीय गायन शिकते. माझा सूर काळी चार आहे. माइक संगणकाला जोडणारा ऑडिओ इंटरफेस घेतला, तेव्हा त्याबरोबर क्युबेस एलई हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर मिळाले. त्यावर मी बंदिशी मुद्रित करते. आवाज, हार्मोनियम आणि तबला वेगवेगळ्या ट्रॅकवर घेते. मैत्रिणींच्या सांगण्यावरून भरमसाट मोफत प्लगिन उतरवून घेतले, परंतु आवाज पूर्वीपेक्षा झाकोळलेला वाटतो. यांतले कोणते ठेवावेत? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : आपण तूर्त सगळेच प्लगिन बंद करून पाहावेत, असे मी सुचवीन. इक्वलायझर (आवाजाचे ठरावीक पट्टे कमी-जास्त करणारा), कॉम्प्रेसर (मोठा आवाज आवरणारा) आणि रिव्हर्ब (खोलीचा घुमारा देणारा) ही तिन्ही साधने क्युबेस एलईमध्ये मुळातच आहेत आणि ती कामचलाऊ नाहीत. बाहेरचे प्लगिन घ्यायचे ते अमुक एक काम या साधनांनी होत नाही, असे नेमके सांगता येईल तेव्हाच. ‘आवाज उठावदार हवा’ हे असे नेमके कारण होत नाही. ‘तार षड्जावर आवाज टोचतो’ हे होते.

प्रथम आतल्याच इक्वलायझरने तळातली घरघर काढावी. काळी चारच्या षड्जाची कंपनसंख्या सुमारे २०८ हर्ट्झ असते आणि मंद्र पंचम सुमारे १५६ हर्ट्झवर येतो. म्हणून ९० हर्ट्झच्या खालचे सारे कापले तरी आपल्या गाण्यातले काही जात नाही. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मंद्र पंचम मात्र १०४ हर्ट्झच्या आसपास असतो, त्यामुळे त्याने ही सीमा ७० हर्ट्झच्या वर नेऊ नये. तबल्याच्या ट्रॅकवर ही कात्री सरसकट चालवणे योग्य नाही. डग्ग्याचा घुमारा त्याच टापूत असतो, आणि तो गेला की मागे केवळ टकटक उरते.

यानंतर खरी अडचण येते ती तार सप्तकाची. मध्य सप्तकात गोड लागणारा आवाज वर गेल्यावर अडीच ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात कर्कश होतो. साध्या इक्वलायझरने तो पट्टा कमी केला, तर आलापाच्या सुरुवातीचे खालचे स्वरही निस्तेज होतात, कारण साधा इक्वलायझर प्रत्येक स्वराला एकाच मापाने कापतो. येथे टोकियो डॉन लॅब्जचे ‘टीडीआर नोव्हा’ हे मोफत प्लगिन उपयोगी पडते. त्याचा पट्टा ठरवलेल्या पातळीच्या वर आवाज गेला तरच खाली येतो, एरवी तसाच राहतो. घट दोन-तीन डेसिबलपुरतीच ठेवावी. आपल्या यादीतले हे एक प्लगिन मी नक्की ठेवीन.

कॉम्प्रेसरच्या बाबतीत हात आखडता ठेवावा. ख्यालात आवाजाचा चढउतार हा गाण्याचाच भाग असतो आणि पॉप गाण्यासाठी बेतलेली तयार सेटिंग तो सपाट करून टाकतात. दोनास एक प्रमाण आणि समेवर येताना जास्तीत जास्त तीन डेसिबल घट, एवढे पुरते. आतल्या कॉम्प्रेसरचे काम कानाला जाणवू लागले, तर टोकियो डॉन लॅब्जचेच ‘कोटेल्निकॉव्ह’ हे कॉम्प्रेसर प्लगिन वापरून पाहावे. स्वतःचा रंग न चढवता काम करणे हाच त्याचा गुण आहे.

सूर दुरुस्त करणारी प्लगिन, मग ती ग्रेलॉन असो वा एमऑटोपिच, आपल्या कामासाठी काढून टाकावीत. समान अंतरावर बसवलेल्या बारा स्वरांपैकी जवळच्या स्वराकडे आवाज ओढून नेणे हे त्यांचे काम. दरबारी रागातल्या आंदोलित गंधाराचे त्यातून काय होईल, ते आपल्या गुरूंना ऐकवण्याचे धाडस मी तरी करणार नाही.

राहता राहिला रिव्हर्ब. ‘वलहाला सुपरमॅसिव्ह’ मोफत आहे आणि उत्तमही आहे, परंतु ते अफाट, लांबत जाणाऱ्या अवकाशांसाठी घडवलेले आहे. द्रुत बंदिशीतल्या ताना त्यात एकमेकींत मिसळून जातात. बैठकीचा भास हवा असेल, तर मुक्तस्रोत ‘ड्रॅगनफ्लाय’ संचातला रूम हा प्रकार घ्यावा आणि घुमण्याचा काळ एका सेकंदाच्या आत ठेवावा. तोही आवाज आणि हार्मोनियम यांना मिळून एकच वापरावा, म्हणजे दोघे एकाच खोलीत बसल्यासारखे वाटतात. आपला आवाज झाकोळण्याचे कारण, प्रत्येक ट्रॅकवर स्वतंत्र रिव्हर्ब लावलेला असणे हे असावे, अशी मला दाट शंका आहे.

तुलना करताना एक पथ्य पाळावे. प्लगिन चालू केल्यावर आवाजाची पातळी किंचित वाढली, तरी कान त्यालाच चांगले म्हणतो. म्हणून प्लगिन चालू असताना आणि बंद असताना पातळी सारखी करून घ्यावी, आणि मगच फरक ऐकावा.

प्रश्न : मी मॅकबुकवर गॅरेजबँड वापरतो, माझा भाऊ विंडोजवर क्युबेस. एकच मोफत प्लगिन दोघांनी उतरवले. दोघांच्याही यादीत ते दिसत नाही. प्लगिन खराब आहे का? – एक वाचक, हडपसर

उत्तर : बहुधा नाही. प्लगिनचे प्रकार वेगवेगळे असतात आणि प्रत्येक सॉफ्टवेअर सगळे प्रकार ओळखत नाही. गॅरेजबँडला केवळ ऑडिओ युनिट, म्हणजे एयू, हा ॲपलचा प्रकार चालतो; आपण व्हीएसटी हा क्युबेसला चालणारा प्रकार उतरवला असेल, तर तो कधीच दिसणार नाही. प्रो टूल्स इंट्रो हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना तर एएएक्स या प्रकाराशिवाय गत्यंतर नाही, आणि तो मोफत प्लगिनमध्ये कमीच आढळतो.

आपल्या बंधूंच्या बाबतीत प्लगिन जुने असण्याची शक्यता अधिक. व्हीएसटी हा प्रकार क्युबेस बनवणाऱ्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये आणला आणि त्याची तिसरी आवृत्ती २००८ मध्ये आली. दुसऱ्या आवृत्तीचे नवे परवाने देणे कंपनीने २०१८ मध्ये थांबवले. जुनी कित्येक मोफत प्लगिन दुसऱ्या आवृत्तीची आहेत, शिवाय ३२ बिटची आहेत. क्युबेसने ३२ बिटला नवव्या आवृत्तीपासून रजा दिली आहे. तेव्हा उतरवण्यापूर्वी ‘६४ बिट, व्हीएसटी३’ असा स्पष्ट उल्लेख पाहावा. विंडोजवर व्हीएसटी३ची जागा ठरलेली असते : सी ड्राइव्हवर प्रोग्राम फाइल्स, त्यात कॉमन फाइल्स, त्यात व्हीएसटी३. दुसऱ्या आवृत्तीसाठी अशी एकच जागा नसल्यामुळे फाइल एका फोल्डरात आणि सॉफ्टवेअरचा शोध दुसऱ्या फोल्डरात, असा घोळ सर्रास होतो.

प्रश्न : पुरुषोत्तम करंडकासाठी आमच्या महाविद्यालयाच्या एकांकिकेचे पार्श्वसंगीत मी लॅपटॉपवर करत आहे. रॅम ८ जीबी आहे, सॉफ्टवेअर एबलटन लाइव्ह लाइट. मोफत सिंथेसायझर कोणते घ्यावेत? सध्या तीन-चार लावले की आवाज तुटक येतो आणि कीबोर्डवर बोट ठेवल्यावर स्वर उशिरा ऐकू येतो. – एक विद्यार्थी, सदाशिव पेठ

उत्तर : ‘सर्ज एक्सटी’ आणि ‘व्हायटल’ यांपैकी एकच निवडून तो नीट शिकावा. सर्ज मूळचा विकाऊ होता, २०१८ मध्ये तो मुक्तस्रोत झाला. त्यात तयार ध्वनींचा साठा मोठा आहे आणि संगणकावर भारही तुलनेने कमी पडतो. व्हायटलच्या मोफत आवृत्तीत तयार ध्वनी कमी आहेत, पण ध्वनिनिर्मितीचे यंत्र विकत घेतलेल्या आवृत्तीतलेच आहे, आणि स्वर कसा घडतो हे पडद्यावर हलताना दिसत असल्यामुळे शिकायला तो सोपा जातो. हाताशी वेळ थोडा असेल तर सर्ज घ्यावा. वरच्या उत्तरात मी बाजूला ठेवलेले सुपरमॅसिव्ह आपल्या कामी मात्र येईल. एकच दीर्घ स्वर त्यातून सोडला, तरी प्रवेशबदलाच्या काळोखापुरते संगीत तयार होते.

तुटक आवाज आणि उशीर या दोन तक्रारी एकमेकींच्या विरुद्ध टोकांना बांधलेल्या आहेत. बफर म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा. तो १२८ नमुन्यांचा ठेवला, तर सेकंदाला ४४,१०० नमुने या वेगाने त्याचा उशीर सुमारे ३ मिलिसेकंद होतो; १०२४ केला, तर २३ मिलिसेकंद. लहान बफरमध्ये संगणकाला दम घ्यायला वेळ मिळत नाही, मोठ्या बफरमध्ये हाताला स्वर उशिरा मिळतो. म्हणून वाजवून मुद्रित करताना बफर लहान ठेवावा आणि मिश्रणाच्या वेळी मोठा करावा. विंडोज असेल तर इंटरफेसच्या निर्मात्याचा, उशीर कमी करणारा एएसआयओ ड्रायव्हर बसवलेला असणे आवश्यक आहे. एखाद्या सिंथेसायझरचा भाग पक्का झाला की तो ऑडिओ ट्रॅकवर मुद्रित करून घ्यावा आणि मूळ प्लगिन बंद करावे. तीन-चार सिंथेसायझर एकाच वेळी जिवंत ठेवण्याची गरज सहसा नसते. येणारा आवाज आधीच पाहून तो ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारे लिमिटर आणि लिनिअर फेज प्रकारचे इक्वलायझर स्वतःचा उशीर वेगळा जोडतात, म्हणून तालमीपुरते ते काढून ठेवावेत.

तयार संगीत नाट्यगृहातल्या ध्वनिसंयोजकाकडे देताना ते चढ्या पातळीला दाबून देऊ नये. ‘यूलीन लाउडनेस मीटर’च्या मोफत आवृत्तीत सगळे तुकडे एकसारख्या पातळीचे आहेत, एवढे तपासले तरी प्रयोगात त्याची धावपळ वाचते.

प्रश्न : घर कर्वे रस्त्याला लागून आहे. वाहनांचा आवाज काढून टाकणारे चांगले मोफत प्लगिन सुचवाल का? – एक वाचक, एरंडवणे

उत्तर : पंख्याची किंवा संगणकाची सतत एकसारखी घरघर असेल, तर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमधील नॉइज रिडक्शन किंवा विंडोजसाठी मोफत मिळणाऱ्या रीप्लग्ज संचातले ‘रीफर’ ती बऱ्यापैकी कमी करते. दोन्हींना आधी निव्वळ घरघरीचा एक-दोन सेकंदांचा तुकडा ऐकवावा लागतो, म्हणून गायला लागण्यापूर्वी तेवढी शांतता मुद्रित करून ठेवावी. हॉर्न, रिक्षा आणि पीएमपीच्या बसचा ब्रेक यांचे स्वरूप क्षणाक्षणाला बदलते; ते या पद्धतीने जात नाहीत, आणि जोर केला तर गाण्याचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. रस्त्याकडे तोंड असलेली खोली सोडून आतल्या खोलीत, कपड्यांच्या कपाटाजवळ बसावे, माइक तोंडापासून वीतभर अंतरावर घ्यावा, आणि ध्वनिमुद्रण रात्री अकरानंतर करावे.