ठरलेल्या सर्जनऐवजी दुसऱ्याच डॉक्टरांनी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया केली, तर

प्रश्न : माझ्या ६८ वर्षांच्या आईच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूसाठी आम्ही मुलुंडहून मुद्दाम लांबच्या एका खासगी नेत्ररुग्णालयात गेलो, कारण तिथल्या ज्येष्ठ सर्जनांच्या अनुभवाबद्दल बरेच ऐकले होते. दोन्ही वेळा त्यांनीच तपासले आणि ८५,००० रुपयांचे पॅकेज ‘सीनियर सर्जन’ या दराने लावले गेले. शस्त्रक्रिया मात्र दुसऱ्या डॉक्टरांनी केली. आत आवाज ओळखीचा नव्हता, असे आई सांगते. भिंगामागचे पटल फाटून मोतीबिंदूचा तुकडा डोळ्याच्या मागच्या भागात पडला, दुसरीकडे रेटिनाच्या सर्जनांकडून पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, तरीही त्या डोळ्याने तिला आता वर्तमानपत्राचे मथळेही नीट वाचता येत नाहीत. संमतिपत्रावर ‘डॉ. अमुक व सहकारी’ असे छापलेले आहे. रुग्णालय केसपेपर देत नाही. ‘कोणतीही तक्रार नाही’ असे लिहून दिल्यास पैसे परत करू, असे म्हणते. डाव्या डोळ्याचीही शस्त्रक्रिया करायची आहे. काय करावे?

उत्तर : आपल्या पत्रात दोन तक्रारी एकमेकींत मिसळल्या आहेत. त्या आधी वेगळ्या केल्या पाहिजेत, कारण त्यांतली एक सिद्ध करणे अवघड आहे आणि दुसरी तुलनेने सोपी. मोतीबिंदू काढताना मागचे पटल फाटणे ही या शस्त्रक्रियेतली ज्ञात गुंतागुंत आहे. ती निष्णात सर्जनच्या हातूनही होते, आणि केवळ ती झाली एवढ्यावरून निष्काळजीपणा झाला असे कायदा मानत नाही. सर्वसाधारण कौशल्याच्या डॉक्टरने त्या परिस्थितीत घेतली असती तेवढी काळजी घेतली गेली का, हे पाहिले जाते आणि तिथे नेत्रतज्ज्ञाचे मत लागते. दुसरी तक्रार अशी की, ज्यांच्या अनुभवासाठी आपण अधिक दर मोजला त्यांनी शस्त्रक्रिया केलीच नाही आणि हा बदल आईंना आधी सांगितला गेला नाही. आपले प्रकरण मुख्यतः या दुसऱ्या तक्रारीवर उभे करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

संमतीबाबतचा आधारभूत निकाल म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा २००८ सालचा ‘समीरा कोहली’ खटला. तपासणीपुरती संमती दिलेल्या रुग्ण महिलेची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया ती भुलीखाली असताना करण्यात आली. हेतू वाईट नव्हता, तरीही ती संमतीविना केलेली शस्त्रक्रिया ठरली. त्या खटल्यात प्रश्न ‘कोणती शस्त्रक्रिया’ हा होता, ‘कोण करणार’ हा नव्हता. पण निर्णयाला आवश्यक असलेली माहिती रुग्णाला आधी मिळाली पाहिजे, हा त्यातला तर्क आपल्याला लागू करता येतो, कारण आईंच्या निर्णयाचा आधारच सर्जन कोण हा होता. मात्र त्याच निकालात संमतीविना शस्त्रक्रियेबद्दल मिळालेली भरपाई २५,००० रुपये होती आणि डॉक्टरांना फी नाकारली गेली, हेही आपण लक्षात ठेवावे. आपल्या प्रकरणात दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च आणि दृष्टीचे नुकसान हे वेगळे मुद्दे आहेत. परंतु पहिल्या दिवसापासून मोठ्या आकड्यावर नजर ठेवणे शहाणपणाचे नाही.

मुंबईचेच एक प्रकरण आपल्या अधिक जवळचे आहे. १९८७ मधल्या एका शस्त्रक्रियेत नामांकित ज्येष्ठ सर्जनांनी स्वतः शस्त्रक्रिया न करता ती सहकाऱ्यावर सोपवली होती. त्याचा फौजदारी खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१३ मध्ये त्यांची शिक्षा रद्द झाली. पण रुग्णाप्रती असलेल्या कर्तव्यात ते कमी पडले, हे न्यायालयाने नोंदवलेच. म्हणून पोलीस ठाण्याची पायरी आपण सध्या चढू नये. फौजदारी गुन्ह्यासाठी घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो, आणि तिथे वर्षे गेल्यावर दिवाणी मागणीची मुदतही निघून जाते.

‘व सहकारी’ या छापील शब्दांवर रुग्णालय भर देईल. त्याला उत्तर आहे. सहकारी म्हणजे मुख्य सर्जनांच्या देखरेखीखाली मदत करणारे. मुख्य सर्जनांच्या जागी उभे राहणारे नव्हेत, आणि दर तर ‘सीनियर सर्जन’चा घेतला गेला. शिवाय आईंनी सही केव्हा केली, हे त्यांना आठवते का ते नीट विचारावे. बाहुली मोठी करण्याचे थेंब घातल्यावर जवळचे अक्षर पुसट दिसते. अशा वेळी समोर धरलेल्या कागदावर ‘इथे सही करा’ म्हणून घेतलेल्या सहीला समजून दिलेली संमती म्हणणे कठीण आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया बहुधा थेंबांच्या किंवा डोळ्याजवळच्या इंजेक्शनच्या भुलीत होते, म्हणजे रुग्ण जागा असतो. चेहऱ्यावर हिरवे कापड असले तरी त्याला ऐकू येत असते. आईंनी ऐकलेला अनोळखी आवाज, कोणी कोणाला काय नावाने हाक मारली, हे सर्व त्यांच्या शब्दांत आजच लिहून ठेवावे. पुढे तेच त्यांचे प्रतिज्ञापत्र होईल.

कागदपत्रांची मागणी लेखी करावी, पोच घ्यावी आणि ई-मेलही पाठवावा. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणीनंतर ७२ तासांत नोंदी देणे बंधनकारक आहे, आणि रुग्णाला केसपेपर नाकारता येत नाहीत हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितले आहे. मागणीत ‘ऑपरेशन नोट’ आणि ऑपरेशन थिएटरच्या रजिस्टरमधील त्या दिवसाच्या नोंदीची प्रत ही नावे घालावीत, कारण सर्जन कोण हे तिथेच दिसेल. आईंचा मेडिक्लेम असेल तर विमा कंपनीकडे गेलेल्या दाव्याच्या अर्जाची प्रतही मिळवावी. रुग्णालयाने भरायच्या भागात उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे नाव व नोंदणी क्रमांक असतो. तिथे ज्येष्ठ सर्जनांचे नाव आणि ऑपरेशन नोटवर दुसऱ्याचे, असे निघाले तर आपले निम्मे काम झाले. अपॉइंटमेंटचे व्हॉट्सॲप संदेश पुसू नयेत आणि तो फोनही बदलू नये.

‘तक्रार नाही’ या पत्रावर सही करू नये. पैसे परत घेण्यात गैर काही नाही, परंतु ते ‘आमचे इतर हक्क राखून’ असे लिहूनच घ्यावेत. रुग्णालयाला हे मान्य नसेल, तर ते पैसे कशासाठी देऊ करत आहे ते उघड आहे.

दाद ग्राहक आयोगात मागावी. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे १९९५ पासून ठरलेले आहे आणि २०१९ च्या कायद्यातही तसेच आहे. आपण राहता त्या ठिकाणच्या, म्हणजे मुंबई उपनगर जिल्हा आयोगात तक्रार करता येते. रुग्णालय दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून अडत नाही. कोणत्या पातळीवर जायचे हे मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर दिलेल्या मोबदल्यावर ठरते : ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, आणि मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. ‘ई-जागृती’ या पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल होते. मुदत दोन वर्षांची आहे. ती पहिल्या शस्त्रक्रियेच्या तारखेपासूनच मोजावी, म्हणजे वादाला जागा राहणार नाही. रुग्णालय, ज्येष्ठ सर्जन आणि प्रत्यक्ष शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर या तिघांनाही पक्षकार करावे. शस्त्रक्रिया करणाऱ्याचे नाव अजून कळले नसेल तरी थांबू नये. तो डॉक्टर पक्षकार नाही म्हणून रुग्णालय सुटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ‘सविता गर्ग’ प्रकरणात म्हटले आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे स्वतंत्र तक्रार अवश्य करावी. कौन्सिल नोंदणी निलंबित करू शकते, भरपाई देऊ शकत नाही.

आता डावा डोळा. सर्जनची नोंदणी आणि नेत्रशास्त्रातली पदव्युत्तर पदवी कौन्सिलच्या नोंदवहीत पडताळावी. त्या शाखेतली विशेष पात्रता नसताना स्वतःला तज्ज्ञ म्हणवणे नियमबाह्य आहे. मात्र पदवीवरून हाताचा सराव कळत नाही. म्हणून अशी शस्त्रक्रिया ते नियमित करतात का, पटल फाटले तर रेटिनाचे सर्जन तिथे उपलब्ध आहेत का, आणि पहिल्या डोळ्यात काय घडले ते त्यांनी कागदावर वाचले आहे का, हे संकोच न करता विचारावे. चांगला सर्जन या प्रश्नांनी दुखावत नाही. संमतिपत्र आदल्या दिवशी मराठीतून मागून घ्यावे आणि त्यावर हाताने लिहावे : ‘ही शस्त्रक्रिया डॉ. … स्वतः करतील. ते उपलब्ध नसल्यास ती पुढे ढकलावी.’ याच मजकुराखाली डॉक्टरांची सही घ्यावी. भिंगाच्या डबीवरचे स्टिकर, ज्यावर भिंगाचा क्रमांक आणि पॉवर असते, डिस्चार्ज कार्डावर लावून घ्यावे. आणि या शस्त्रक्रियेची तारीख ठरण्यापूर्वी, दोन्ही रुग्णालयांशी संबंध नसलेल्या नेत्रतज्ज्ञाकडून उजव्या डोळ्याची आजची दृष्टी व रेटिनाची स्थिती लेखी नोंदवून घ्यावी. एकदा डावा डोळा सुधारला की ‘आता त्यांना उत्तम दिसते’ हा बचाव विरुद्ध बाजू हमखास घेईल, आणि तेव्हा हा अहवाल आपल्या हातात असायला हवा.