तेवढेच पैसे, मग भागत का नाही?

“पूर्वी एवढ्याच पैशांत भागायचं. आता का भागत नाही?” हे वाक्य माझ्याकडे येणाऱ्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की सुरुवात झाली की पुढचं मीच म्हणू शकेन. बोलणारा कधी नवरा असतो, कधी बायको, कधी सुनेच्या कारभारावर नाराज असलेली सासू. ऐकायला प्रश्न वाटतो, असतो आरोप. घरात कुणीतरी उधळपट्टी करतंय, आणि ते मी नाही, एवढंच त्यातून सांगायचं असतं.

महागाईची तक्रार घेऊन समुपदेशकाकडे कुणी येत नाही. लोक येतात ते चिडचिड होते, झोप लागत नाही, आठ-आठ दिवस अबोला चालतो, मुलांवर विनाकारण हात उठतो म्हणून. चार वाक्यं झाली की मग पिशवी, बिल आणि हिशेब बाहेर निघतात.

हे जोडपं तसंच आलं होतं. दोघंही चाळिशीतले. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, नावं देतच नाही.) तो नोकरी करणारा, ती घर सांभाळणारी. महिन्याच्या सुरुवातीला तो तिच्या हातात घरखर्चाची रक्कम ठेवायचा. कर्जाचा हप्ता, वीज, फिया तो परस्पर भरायचा. तिची रक्कम विसाव्या-बाविसाव्या तारखेलाच संपायची आणि तिथून पुढचे आठ दिवस घर धुमसत असायचं.

“मॅडम, मी रक्कम एका पैशानेही कमी केलेली नाही,” तो म्हणाला.

“वाढवली कधी होती?”

त्याने आठवून पाहिलं. “मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा.”

“आता ती कितवीत आहे?”

“सहावीत,” तो म्हणाला, आणि थोडा थांबला. मग लगेच, “पण हल्ली तर महागाई कमी झालीय म्हणतात ना बातम्यांत?”

हा गैरसमज मी जवळजवळ प्रत्येक घरात पाहते. महागाईचा दर खाली आला म्हणजे भाव उतरले असं नाही. भाव चढतच असतात, फक्त चढण्याचा वेग मंदावलेला असतो. काल वाढलेलं तसंच राहतं आणि त्यावर आजचं थोडं चढतं. मी त्याला शाळेतला चक्रवाढीचा हिशेब आठवायला सांगितला. ७२ ला वाढीच्या दराने भागलं की रक्कम साधारण किती वर्षांत दुप्पट होते ते कळतं. भाव वर्षाला ६ टक्क्यांनी वाढत असतील तर १२ वर्षांत तोच बाजार दुप्पट पैशांना पडतो. सहा वर्षांत १०० चे १४२ होतात. म्हणजे ‘मी तेवढेच देतो’ असं म्हणणारा माणूस प्रत्यक्षात दरवर्षी थोडं कमी देत असतो, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. तो खोटं बोलत नाही. नोटेवरचा आकडा म्हणजेच तिची किंमत असं मानण्याची सवय आपल्या सगळ्यांनाच आहे. अर्थतज्ज्ञ आयर्व्हिंग फिशर यांनी १९२८ साली या भ्रमावर अख्खं पुस्तक लिहिलं होतं.

आकडे त्याला पटले, पण पटल्याने कुणाचा राग जात नाही. “मग हिने सांगायचं ना!” आता राग या वाटेने निघाला. ती म्हणाली, “सांगितलं की तुम्ही हिशेब मागता.” तो म्हणाला, “हिशेब मागण्यात गैर काय?” आणि गाडी पुन्हा मूळ पदावर.

इथे माझ्या पद्धतीबद्दल दोन शब्द. मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांच्या मुशीतून घडलेली. घटना आपल्याला जितकं अस्वस्थ करते त्याहून जास्त त्या घटनेबद्दलचं आपलं मत अस्वस्थ करतं, ही प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटसपासून चालत आलेली गोष्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात उपचारात आणली. पण त्यांचं अर्धंच वाचलेले लोक महागाईने गांजलेल्या माणसाला ‘विचार बदला’ म्हणून सांगतात, तेव्हा मला खरोखर राग येतो. भाव वाढलेत ही काही विचारांची चूक नाही. एलिस स्वतः व्यावहारिक अडचण आणि त्या अडचणीमुळे होणारी भावनिक अडचण यांत फरक करत. पहिली वहीत सोडवायची, दुसरी मनात. माझा अनुभव असा की पैशाच्या बाबतीत वही आधी उघडलेली बरी. बरेच जण आधी मन उघडायला जातात, आणि मग खुर्चीत बसलेली दोन माणसं एकमेकांची जुनी उणीदुणी काढत राहतात.

म्हणून मी तिला विचारलं, “त्या वेळची खर्चाची वही आहे का?” होती. काही माणसं वह्या टाकत नाहीत, आणि अशा माणसांचे माझ्यावर फार उपकार आहेत.

काम साधं होतं. जुन्या वहीतला कुठलाही एक महिना घ्यायचा. त्यातल्या वस्तू त्याच, मापं तीच, भाव मात्र आजचे लावून दोघांनी मिळून बेरीज करायची. सरकारी महागाईचा निर्देशांकही ढोबळमानाने असाच काढतात. ठरावीक वस्तूंची टोपली धरून तिची किंमत मोजत राहण्याची ही रीत जर्मन अर्थतज्ज्ञ एतिएन लास्पेर यांनी १८७१ मध्ये मांडली. फरक इतकाच की सरकारची टोपली लाखो घरांची सरासरी असते. तुमच्या घरात औषधं जास्त असतील, शिकणारी मुलं असतील, भाडं असेल, तर तुमची महागाई बातमीतल्या महागाईपेक्षा वेगळीच निघणार. उत्पन्न जितकं कमी तितका त्यातला मोठा हिस्सा अन्नावर जातो, हे जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्येच दाखवलं होतं. म्हणून अन्नधान्य महागलं की सगळी घरं सारखी भाजत नाहीत.

पुढच्या वेळी दोघं आली ती बेरीज घेऊन, आणि सोबत एक खोकं घेऊन. साबणाचं जुनं खोकं. ती त्यात सुटी बटणं ठेवायची. त्यावर वजन छापलेलं होतं १२५ ग्रॅम. आता घरात येणाऱ्या त्याच साबणाच्या खोक्यावर १०० ग्रॅम. “हे सारखे म्हणायचे, साबण इतक्या लवकर कसा संपतो, कोण पाण्यात ठेवतं?” ती म्हणाली. “मुलाने दोनदा ओरडा खाल्लाय यावरून.” किंमत हलवायची नाही आणि आतला माल कमी करायचा, ही उत्पादकांची युक्ती जगभर चालते. दुकानात ती कुणाच्या लक्षात येत नाही. घरी येते, आणि मग तिचं खापर घरातल्याच कुणाच्या तरी डोक्यावर फुटतं.

तो खोकं हातात फिरवत राहिला. मग त्याने जुनी आणि नवी वही शेजारी शेजारी मांडली. मी मुद्दाम काही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड काम, आणि ते मला बऱ्यापैकी जमतं असं मी आता म्हणू शकते.

जुन्या वहीत प्रत्येक महिन्याच्या शेवटी एक ओळ होती: ‘माझे’. कधी गाण्याच्या क्लासची फी, कधी चपला, एकदा चष्मा. नव्या वहीत त्याने चार-पाच पानं उलटली.

“हे ‘माझे’ कुठे गेलं?”

“ते केव्हाच बंद केलं.”

“का?”

“बसत नव्हतं.”

“आणि क्लास?”

“सोडला. तुम्हाला वाटलं कंटाळा आला म्हणून.”

बैठकीच्या सुरुवातीपासून ती वही हात लांब करून वाचत होती हे मी पाहिलं होतं. आता त्यानेही पाहिलं. “चष्म्याचा नंबर बदललाय का तुझा?” ती काही बोलली नाही. उत्तर उघडच होतं.

बराच वेळ गेला. मग तो म्हणाला, “मलाही एक सांगायचंय.” कर्जाचा हप्ता वाढला होता. महागाई चढली की मध्यवर्ती बँका व्याजदर वाढवतात, आणि कर्ज बदलत्या दराचं असेल तर हप्ता तरी वाढतो नाहीतर मुदत. त्याचा हप्ता वाढला होता. ती तूट तो क्रेडिट कार्डावर ढकलत होता आणि दर महिन्याला फक्त किमान रक्कम भरत होता. उरलेल्यावर जबर व्याज चढत होतं. घरात सांगितलं नव्हतं, “कारण हिला टेन्शन नको.”

“आणि मी कपात केली ती तुम्हाला टेन्शन नको म्हणून,” ती म्हणाली.

त्या बैठकीनंतर मी माझ्या जुन्या नोंदी काढून बसले, आणि कितीतरी घरांत हेच घडलेलं दिसलं. भाव वाढले की घरातली जबाबदार माणसं ती वाढ आधी लपवतात. एकजण स्वतःवरचा खर्च कापून लपवतो, दुसरा उधारीत लपवतो. दोघंही हे प्रेमापोटीच करतात. पण लपवलेल्या त्यागाला कुणी शाबासकी देत नाही, कारण तो कुणाला माहीतच नसतो. मग आतल्या आत ‘मी एवढं सोसते आणि यांना काहीच नाही’ असं साठत जातं आणि एखाद्या साबणाच्या वडीवरून बाहेर पडतं. हे जोडपं उधळपट्टीबद्दल भांडत होतं. उधळपट्टी करणारं त्या घरात कुणीच नव्हतं.

म्हणून हल्ली कुणीही ते सुरुवातीचं वाक्य म्हणालं की मी उलट विचारते: “गेल्या वर्षभरात तुम्ही काय काय सोडलंत, जे घरात कुणाला माहीत नाही?” पहिल्यांदा लोक हसतात. मग यादी निघते.

ज्यांना माझ्यापर्यंत यायचं नाही त्यांनी घरी एवढं करावं. घरखर्चाची रक्कम वर्षातून एकदा, ठरवून, नव्याने काढावी. पगारवाढीची वाट आपण हक्काने बघतो, तोच हक्क घर चालवणाऱ्या हाताला असायला हवा. ही चर्चा पैसे संपले त्या दिवशी करू नये. त्या दिवशी कुणीच शहाणं नसतं. दोघांची सगळी देणी, कार्डासकट, एकाच कागदावर यावीत आणि सगळ्यात चढ्या व्याजाचं आधी फेडायला घ्यावं. वस्तू घेताना किमतीबरोबर वजन बघावं. आणि कपात करायचीच तर ती बोलून करावी. चष्मा, दात, तपासण्या यांना कात्री लावू नये, ते पुढे दामदुप्पट वसूल होतं.

आणखी एक. भांडणं होतात ती छोट्या, रोजच्या खर्चावर, कारण तो रोज डोळ्यांसमोर असतो. वारंवार घेतल्या जाणाऱ्या वस्तूंवरूनच आपण महागाईचा अंदाज बांधतो. मोठी गळती बहुतेक वेळा महिन्यातून एकदा गुपचूप जाणाऱ्या रकमांत असते: हप्ते, भाडं, वाहन, कुणी न वापरणारी वर्गणी. पिशवीतल्या दोन वस्तू कमी करून तुम्ही दमाल, हिशेब फारसा हलणार नाही.

मुलांचं काय, असं आयाच जास्त विचारतात. मुलांना ‘आपल्याकडे पैसे नाहीत’ असं सांगू नये. ती रात्री जागून त्याचे भलतेच अर्थ लावतात. ‘या महिन्यात यावर खर्च करायचा नाही असं आम्ही ठरवलंय’ हे त्यांना कळतं आणि झेपतं. ठरवणारं कुणी आहे, एवढा आधार त्यांना पुरतो.

काही घरांत मात्र सगळं मांडून, सगळं कापूनही बेरीज जुळत नाही. तिथे ‘अजून काटकसर करा’ म्हणणं क्रूरपणा आहे. उत्पन्न वाढवणं किंवा राहत्या घरासारखा एखादा मोठा खर्च बदलणं, एवढेच रस्ते उरतात, आणि ते नीट बोलून ठरवायला वेळ लागतो. अशांना मी एकच अट सोडायला सांगते: ‘भागायलाच हवं, नाहीतर मी नालायक’. भागलं तर बरं, नाही भागलं तर काहीतरी वेगळं करावं लागेल. माणूस म्हणून माझी किंमत त्यावर ठरत नाही. हे बोलायला सोपं आणि अंगी मुरायला कठीण आहे, पण ते मुरल्याशिवाय वही उघडायचं धाडसच होत नाही.

त्या दोघांची कार्डाची थकबाकी अजून फिटायची आहे. घरखर्चाची रक्कम वाढली, पण १०० ची १४२ झाली नाही. तेवढी ऐपत नव्हती. जेवढी वाढली ती दोघांनी मिळून ठरवली. नव्या कागदावर ‘माझे’ ही ओळ त्याच्याही नावाने आहे.

आणि कुणाची झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, कुणी कर्ज लपवून दुसरं कर्ज काढत असेल, किंवा ‘मी नसलो तर सुटाल सगळे’ अशी भाषा घरात ऐकू आली असेल, तर वही-बिही बाजूला ठेवा. त्या माणसाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर किंवा समुपदेशक गाठा.