जर्मनीतील नोकरी : आधी कार्ड की आधी करार?

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनिअर असून माझे वय ३६ आहे. चाकणच्या एका कारखान्यात मी बारा वर्षे काम करीत आहे आणि जर्मन भाषेची ‘ए-२’ पातळीची परीक्षा उत्तीर्ण झालो आहे. जर्मनीत जाऊन नोकरी शोधण्यासाठी ‘चान्सेनकार्टे’ घ्यावे, असे एजंट सुचवतात. त्यासाठी लागणारे सहा गुण माझे भरतील का? पुढे पत्नी व मुलीलाही नेण्याचा विचार आहे.
– एक वाचक, पिंपरी

उत्तर : भरतील, पण अगदी काठावर. गेल्या सात वर्षांत आपल्या विषयातील किमान पाच वर्षांच्या अनुभवाचे तीन, पस्तिशी ओलांडली तरी चाळिशी न ओलांडल्याचा एक, ‘ए-२’ जर्मनचा एक आणि मनुष्यबळाची टंचाई असलेल्या व्यवसायाचा एक, असे नेमके सहा होतात. मात्र ही बेरीज करण्यापूर्वी ‘अनाबिन’ या जर्मन माहितीसंचात आपले विद्यापीठ आणि आपली पदवी शोधावी. विद्यापीठापुढे ‘एच प्लस’ असा शेरा असेल आणि पदवी जर्मन पदवीशी समकक्ष दाखवली असेल, तर आपण कुशल कर्मचारी ठरता आणि चान्सेनकार्टेसाठी गुण मोजण्याची गरजच उरत नाही. पदवी तेथे सापडली नाही, तर बॉन येथील केंद्रीय कार्यालयाकडून समकक्षतेचे प्रमाणपत्र मागवता येते. एजंटाला पैसे देण्यापूर्वी हे काम घरबसल्या उरकावे.

जून २०२४ पासून मिळू लागलेले हे कार्ड सामान्यतः एका वर्षाचे असते. तेवढ्या काळात आठवड्याला २० तासांपर्यंत अर्धवेळ काम करता येते आणि एखाद्या कंपनीत दोन आठवडे प्रायोगिक कामही करता येते. पूर्णवेळ नोकरीची मुभा मात्र त्यात नाही. राहण्या-जेवण्याची सोय आपली आपणच करायची असल्याने २०२५ मध्ये महिन्याला १,०९१ युरो या हिशेबाने वर्षाचे १३,०९२ युरो ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या बँक खात्यात, दाखवावे लागत होते. एका युरोला शंभर रुपये धरले, तरी ही रक्कम तेरा लाखांच्या वर जाते. वर्षभरात नोकरी लागली नाही, तर त्यातील बराच भाग खर्च झालेला असेल आणि इथली नोकरीही सुटलेली असेल.

म्हणून माझे मत असे की, निदान सहा महिने इथूनच अर्ज करावेत आणि नोकरीचा करार हाती आल्यावर थेट ‘ब्लू कार्ड’साठी, म्हणजे नोकरी मिळालेल्या उच्चशिक्षितांना दिल्या जाणाऱ्या वास्तव्य परवान्यासाठी, प्रयत्न करावा. २०२५ मध्ये त्यासाठी वर्षाला किमान ४८,३०० युरो पगार लागत असे, पण इंजिनिअरसारख्या टंचाईच्या व्यवसायांना ४३,७५९.८० युरोंची मर्यादा होती. हे आकडे दर जानेवारीत बदलतात. कुटुंबाच्या दृष्टीनेही हाच मार्ग सरस आहे, कारण ब्लू कार्डधारकाच्या पत्नीला जर्मन भाषेच्या परीक्षेशिवाय व्हिसा मिळू शकतो आणि तेथे पोहोचल्यावर नोकरीही करता येते. जर्मन शिकणे मात्र सोडू नये. ब्लू कार्डवर २७ महिन्यांनी मिळू शकणारा कायम वास्तव्याचा परवाना ‘बी-१’ पातळी असल्यास २१ महिन्यांतच मिळू शकतो, आणि कारखान्यातल्या मीटिंगला, म्हणजे शॉप फ्लोअरवर, इंग्रजी फार काळ पुरत नाही.

प्रश्न : मुलगी म्युनिकला असते. तिच्याकडे राहायला गेल्यावर व्हिसाचे नव्वद दिवस संपत आले की दोन दिवस स्वित्झर्लंडला जाऊन परत यावे, म्हणजे मुदत पुन्हा सुरू होते, असे ऐकले. ते खरे आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. स्वित्झर्लंडही शेंगेन क्षेत्रातच, म्हणजे सामाईक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातच, असल्याने तेथील दिवसही त्याच ९० दिवसांत मोजले जातात. हे ९० दिवस कोणत्याही १८० दिवसांच्या कालखंडात मोजायचे असतात, आणि पोहोचण्याचा व निघण्याचा असे दोन्ही दिवस त्यात धरले जातात. ऑक्टोबर २०२५ पासून प्रवेश-निर्गमनाची नोंद टप्प्याटप्प्याने संगणकावर होऊ लागली आहे, तेव्हा परतीचे तिकीट काढताना हातात दोन-चार दिवस राखूनच काढावे.