परदेशात येऊन शिकतोय, इंग्रजी कच्चं आहे, तरी सायन्सचा शिक्षक होता येईल का?

तुम्ही लिहिलंय की सोळाव्या वर्षी घरच्यांबरोबर दुसऱ्या देशात आलात, आता फिजिक्सच्या डिग्रीचं दुसरं वर्ष चालू आहे, शिकवायची इच्छा आहे पण उच्चारांमुळे मुलं हसतील अशी भीती वाटते. तर हसतील. मला हसली, पहिल्याच आठवड्यात, कारण 'वेव्ह' आणि 'व्हेक्टर' म्हणताना मी व आणि व्ह कुठेही टाकायचे. मग मी शब्द तोंडातून काढायच्या आधी फळ्यावर लिहायला लागले, आणि वर्गातल्या बाकीच्या देशांतून आलेल्या मुलांनाही त्याचा फायदा झाला, तेव्हापासून ती सवयच लागली.

माझी निम्मी शाळा मराठीतून झाली आणि मग एकदम सगळं इंग्रजीत. लोकांना वाटतं की फोटोसिंथेसिससारखे मोठे शब्द नडतात. ते नाही नडत हो, ते वर्गात सगळ्यांनाच नवीन असतात, त्यामुळे शिक्षक स्वतःहून समजावतात. मला नडलं 'अनलेस', 'व्हेअरॅज' आणि सगळ्यात जास्त 'रिस्पेक्टिव्हली', म्हणजे आपलं 'अनुक्रमे'. दोन गाड्या, दोन वस्तुमानं, दोन वेग, पुढे रिस्पेक्टिव्हली, आणि कुठला वेग कुठल्या गाडीचा हेच न कळल्याने सूत्र बरोबर, आकडेमोड बरोबर, उत्तर चूक. दुसरी गंमत ओळखीच्या शब्दांची. जड बॅग हातात धरून तासभर नुसतं उभं राहा, घाम फुटेल पण बॅगेवर केलेलं वर्क शून्य, कारण फिजिक्समध्ये जोर लावलेल्या दिशेने वस्तू हलली तरच वर्क! मराठीत 'कार्य' म्हटलं की हा पुस्तकातला शब्द आहे हे लगेच कळतं आणि माणूस सावध होतो, इंग्रजीत रोजचाच 'वर्क' असतो म्हणून इकडे जन्मलेली मुलंही तिथेच घसरतात. मला ते घसरणं आधीच माहीत असतं कारण मी स्वतः तिथेच पडलेली आहे. तुमच्याकडेही हे आहे, त्याला कमीपणा समजू नका.

लॅबमध्ये ग्रुपवाल्यांनी मला स्टॉपवॉच दिलं, तुला बोलायचं नाही ना मग तू वेळ मोज. वर्षभर मी लंबकाची आंदोलनं मोजली. एकाच आंदोलनाची वेळ न घेता वीस आंदोलनांची घेऊन वीसने भागायचं, म्हणजे बटण दाबताना होणारी हाताची चूकही वीसने भागली जाते, हे तिथे बोटांनी शिकले. पुढच्या वर्षी एका ज्युनियरने विचारलं वीसच का, तर मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत दहा मिनिटं बोलले आणि त्याला कळलं. माझं शिकवणं तिथून सुरू झालं. त्याच सुमारास एका सल्लागार बाईंनी मला 'कमी बोलावं लागेल असं काहीतरी बघ' असं सुचवलं होतं, भल्यासाठीच असेल, मी ऐकलं नाही.

अजून एक. प्रश्न विचारल्यावर मी आधी तो मनात मराठीत आणायचे, उत्तर शोधायचे, परत इंग्रजी करायचे, तोवर दुसऱ्याने सांगून टाकलेलं असायचं. पुढे ट्रेनिंगमध्ये विज्ञान कसं शिकवलं जातं यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकन मेरी बड रो यांच्या १९७० च्या दशकातल्या अभ्यासाबद्दल वाचलं, शिक्षक प्रश्न विचारून सरासरी जेमतेम १ सेकंद थांबतात आणि तेच ३ सेकंद थांबले तर उत्तरं लांब आणि जास्त विचारपूर्वक येतात. वाचून रडूच आलं खरं तर. आता मी मनात तीन मोजते. सुरुवातीला ती शांतता फार अवघड जाते, सवय करा.

मारी क्युरींचं नाव नोबेलसाठी घेतात, पण १८९१ मध्ये वॉर्सॉहून पॅरिसला आल्या तेव्हा फ्रेंच आणि गणित दोन्ही वर्गातल्यांपेक्षा कच्चं होतं. १८९३ मध्ये फिजिक्सच्या पदवीत पहिल्या, १८९६ मध्ये मुलींच्या शाळांतल्या शिक्षकपदासाठीच्या परीक्षेतही पहिल्या, आणि १९०० पासून सेव्हर्सच्या शिक्षिका घडवणाऱ्या संस्थेत शिकवायला. तुमचाच रस्ता.

आता कामाचं. शिकवणीपेक्षा लॅब डेमॉन्स्ट्रेटरचं, म्हणजे लॅबमध्ये मुलांना प्रयोग दाखवायचं आणि करताना मदत करायचं काम मिळतंय का बघा, हातात वस्तू असली की भाषा कमी लागते. डिग्रीनंतर बहुतेक ठिकाणी शिक्षक प्रशिक्षण आणि वर्गातला सराव लागतोच, पण काही देशांत सरकारी शाळेतल्या कायम नोकरीला नागरिकत्व किंवा कायमचं वास्तव्य मागतात, तेव्हा शेवटच्या वर्षाची वाट न बघता तुमच्या इथला नियम आत्ताच वाचून ठेवा. आणि मायदेशातल्या शाळेच्या मार्कशीटचं भाषांतर, शिक्के वगैरे याच महिन्यात सुरू करा. मला एका शिक्क्यासाठी सात महिने लागले आणि ट्रेनिंगचं एक अख्खं वर्ष त्यात हुकलं.