सहा कपांची किटली, पण कोणाच्या कपांची?

प्रश्न : ताई, नमस्कार. धाकटा मुलगा सिलिगुडीला नोकरीला आहे. त्याने दार्जिलिंगचा पानांचा चहा पाठवलाय. घरी आम्ही दोघंच. किटली घ्यायला गेलो तर दुकानदाराने तीन कपांची, सहा कपांची आणि बारा कपांची अशा तीन दाखवल्या. गड्ड्याच्या यात्रेला नणंदांकडची सगळी मंडळी येतात, म्हणून मोठीच घ्यावी असं मला वाटतं. हे म्हणतात, छोटी. कोणती घेऊ?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : या खेपेला ह्यांचं ऐका. (हा सल्ला मी सहसा देत नाही.)

किटली म्हटलं की आपल्याला टपरीवरची ॲल्युमिनियमची आठवते. तिच्यात उकळून, गाळून झालेला चहा असतो. ती फक्त गरम धरते. म्हणून ती कितीही मोठी चालते. तुमच्या किटलीत चहा मुरायचाय, आणि पानं पाण्यात आहेत तोवर तो मुरतच राहतो. दार्जिलिंगला तीन-चार मिनिटं पुरे. पुढे तुरटपणा उतरतो. तेव्हा एका ओतण्यात रिकामी होईल एवढीच किटली हवी.

मी हे लिटरभराची चिनी मातीची किटली घेऊन शिकले. दोघांपुरतं दोन कप पाणी ओतायची. जाड किटलीच बरीच ऊब खाऊन टाकायची. त्यात चहाची जाळी तोंडापासून लटकलेली, पाणी तिच्या बुडाला जेमतेम लागायचं आणि वरची पानं कोरडीच. चहा फिका, म्हणून मी पत्ती वाढवत गेले आणि चहा देणाऱ्याला नावं ठेवत राहिले. आता त्या किटलीत डाव आणि पळ्या उभ्या असतात.

दुकानदाराच्या ‘कपां’वर जाऊ नका. आपला बशीवाला कप साधारण १५० मिलीचा, मुलांचे मग २५० ते ३०० मिलीचे. म्हणजे ९०० मिलीच्या किटलीत कोणाचे सहा कप, कोणाचे तीनच मग. खोक्यावरचे मिली बघा. त्याहून बरं, घरचा कप पिशवीत टाकून न्या आणि दुकानात पाणी मागून किटलीत मोजून ओता. दुकानदार हसेल, हसू दे. तोटीकडे लक्ष ठेवा : तिचं टोक झाकणाच्या खाली असेल तर किटली तेवढीच भरते, वरची जागा फुकट.

तुम्ही दोघं, एकेक कप आणि वर अर्धा-अर्धा धरला तर ४५० मिली. पाचशेची घ्या, थोडी जागा वर राहू दे. पत्ती कपाला दोन ग्रॅम, म्हणजे तीन कपांना सहा. लांब पानं फुगीर असतात, चमचा फसवतो. घरात वजनकाटा असेल तर पहिल्यांदा तोलून बघा, मग हाताला अंदाज येतो. किटली आधी गरम पाण्याने खळबळून घ्या. आणि बोअरचं पाणी नको. आपल्याकडचं बोअरचं जड पाणी चहावर तवंग आणतं आणि रंगही मळकट करतं.

आता नणंदांचं. पाचजणी आल्या तर छोटी किटली दोनदा करा. पहिला चहा शेवटच्या थेंबापर्यंत ओतून घेतला, तर त्याच पानांवर दुसरं पाणी चालतं. एखादं मिनिट जास्त ठेवा. दहा जण असतील तर पातेल्यात पाणी उकळा, गॅस बंद करून पानं घाला, झाकण ठेवा आणि तीन मिनिटांनी गाळून थर्मासमध्ये भरा. खरं सांगू? जानेवारीच्या थंडीत यात्रा फिरून आलेली मंडळी आलं घातलेला दुधाचाच मागतील. दार्जिलिंगचा डबा वरच्या फळीवर राहू द्या.

प्रश्न : अशा किटलीत रोजची दाणेदार पत्ती चालेल का?
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : चालेल, पण जाळी बारीक हवी, नाहीतर दाणे कपात येतात. ही सीटीसी पत्ती झटपट उतरते. दोन मिनिटांत गाळा. दूध वेगळं गरम करून वरून घाला, किटलीत नको. तोटीच्या आत साय धरते आणि ती काढायला मग बाटलीचा ब्रश शोधत बसावं लागतं.