बिनतारी शंका: स्पीकर, मॉड्यूल, रिमोट

गणपतीत आरत्या मोबाइलवरून ब्लूटूथ स्पीकरवर लावतो. आधी तपासताना नीट वाजतं, लोक जमले की आवाज तुटतो. अंतर तेच, आठ मीटर. स्पीकर बदलू का? (रामबाग, इंदूर)

नको. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं आणि माणसाच्या अंगातलं पाणी या लहरी शोषून घेतं. शिवाय आजूबाजूचे वाय-फाय राउटरही बरेचदा याच पट्ट्यात. ब्लूटूथ ७९ चॅनेलांवर सेकंदाला १६०० उड्या मारत वाट काढतं, पण गर्दीत त्या उड्याही अपुऱ्या पडतात. खोक्यावरचे ‘१० मीटर’ मोकळ्या जागेतले समजा. फोन खिशातून काढून स्पीकरसारखाच डोक्यांच्या वर ठेवा. स्पीकरला ऑक्सचं (वायरने आवाज घेण्याचं) भोक असेल तर सरळ वायर लावा. आरतीला बिनतारीचा हट्ट कशाला?

आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाला एचसी-०५ हे ब्लूटूथ मॉड्यूल जोडलं. फोनशी पेअर होतं, पण एलईडी लागत नाही. कधी कधी प्रोग्रॅमही अपलोड होत नाही. (राजेंद्रनगर, इंदूर)

तारा आधी पाहा. मॉड्यूलचा टीएक्स (पाठवणारी पिन) आर्डुइनोच्या आरएक्सला (घेणारी पिन) आणि आरएक्स टीएक्सला जातो; निम्मे लोक इथेच सरळ जोडून बसतात. ग्राउंड दोघांचा एकच हवा. मॉड्यूलचा आरएक्स ३.३ व्होल्टचा, उनो देतो ५. म्हणून उनोच्या टीएक्सपासून १ के (१००० ओहम) रेझिस्टर घेऊन आरएक्सला जोडा आणि आरएक्सपासून ग्राउंडला २ के. तिथे ३.३ व्होल्ट मिळतात. जेल रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात २ के नाही मिळाला तर १ के चे दोन एकापुढे एक जोडा.

अपलोड अडतं कारण ० आणि १ या पिना यूएसबीही वापरतं. अपलोड करताना त्या दोन तारा काढा. बॉड रेट (डेटा पाठवण्याचा वेग) सहसा ९६००, पेअर करतानाचा पिन कोड १२३४ किंवा ००००. मॉड्यूलचा दिवा भराभर लुकलुकत असेल तर पेअर झालेलं असूनही जोडणी झालेली नाही. ती अॅपमधून करावी लागते. फोन आयफोन असेल तर एचसी-०५ चा नाद सोडा, एचएम-१० सारखं बीएलई (कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथचं) मॉड्यूल घ्या.

टीव्हीचा रिमोट मेला की टीव्ही? (लष्कर, ग्वाल्हेर)

रिमोटचा इन्फ्रारेड प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याचं टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकला तर रिमोट ठीक. काही फोनांच्या मागच्या कॅमेऱ्याला हा प्रकाश अडवणारा फिल्टर असतो, म्हणून सेल्फीचाही कॅमेरा वापरून बघा. दोन्हींत दिसलं नाही तर आधी सेल बदला.

फोन टॅप करून पैसे जात नाहीत. (दांडिया बाजार, बडोदा)

टॅप करून पैसे देताना वापरल्या जाणाऱ्या एनएफसी या बिनतारी जोडणीचा पल्ला जेमतेम ४ सेंटिमीटर. कव्हरला धातूची किंवा चुंबकाची पट्टी असेल तर ते काढा. अँटेना बहुतेक फोनांत पाठीच्या वरच्या अर्ध्या भागात असतो. तोच भाग मशीनला टेकवून क्षणभर थांबा. फोन हलवत राहिलात तर व्यवहार अर्धवट राहतो.