११ महिन्यांचं बाळ कॅरियरमध्ये घेतलं की खांदे भरून येतात, दोन-अडीच वर्षांपर्यंत चालेल अशी कुठली स्लिंग घ्यावी?

आधीच सांगतो, मी बाबा आहे, त्यामुळे आईच्या अंगाने उत्तर हवं असेल तर बायकोला विचारून काही ओळी मध्ये घातल्यात. आमची पोरगी आता पावणेतीन वर्षांची आहे आणि चार महिन्यांची असल्यापासून गेल्या दिवाळीपर्यंत तिला अंगावर सगळ्यात जास्त मीच वागवलंय, कारण आम्ही डोंबिवलीत राहतो, तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि हौसेने घेतलेल्या स्ट्रोलरवर सध्या टॉवेल वाळतात. स्टेशनचा पूल चढताना एका हातात पोर आणि दुसऱ्या हातात ते धूड, हे दोनदा केलं, तिसऱ्यांदा नाही.

तुम्ही लिहिलंय की मुलगा ११ महिन्यांचा, साडेनऊ किलो, बारशाला गिफ्ट आलेलं कॅरियर वापरताय, त्यात पाय खाली लोंबतात, अर्ध्या तासात खांदे आणि मान भरून येते, आणि नवीन घ्यायचं तर नवऱ्यालाही बसायला हवं. साडेनऊ किलो हे या वयाला अगदी साधारण वजन आहे हो, आणि दोन वर्षांचा होईपर्यंत हाच गडी बारा किलोच्या आसपास जाईल. म्हणजे तांदळाची दहा किलोची पिशवी, वर दोन किलो साखर, आणि ही पिशवी पाय झाडते, केस ओढते, मध्येच मागे रेलते. हे डोक्यात ठेवूनच खरेदी करा, आजच्या वजनाकडे बघून नको.

बाकीचे लोक ब्रँड सांगतील, माझ्या मते ब्रँड ही नंतरची गोष्ट. पहिलं बघायचं ते बाळाच्या बुडाखालचं कापड किती रुंद आहे, आणि दुसरं, वजन तुमच्या कुठल्या हाडावर येतंय. पट्ट्यात किती जाड फोम आहे, खोक्यावर किती 'इन वन' लिहिलंय, याने खांदेदुखी जात नाही.

आमचं पहिलं कॅरियर असंच होतं, ऑनलाइन अकराशे रुपयांचं, सिक्स इन वन. दोन पायांच्या मधलं कापड जेमतेम चार बोटं. पोरगी त्यात दोरीवर वाळत घातलेल्या पँटसारखी दिसायची, सगळा भार लंगोटाच्या जागेवर, पाय सरळ खाली. पाय लोंबले की बाळ खाली घसरतं, खाली घसरलं की तुमच्या छातीपासून लांब जातं, आणि लांब गेलेलं वजन जड लागतं. भरलेली बादली अंगाला चिकटवून धरा आणि मग हात पुढे करून धरा, बादली तीच असते पण दुसऱ्या वेळी पाठ बोंबलते. तुमचे खांदे दुखतात त्याचं कारण माझ्या मते मुलगा जड झाला हे कमी आणि तो लोंबतोय हे जास्त.

ही गोष्ट मला कळली आजीमुळे. माझी आजी माण तालुक्यातली, आम्ही गावी गेलो तेव्हा माझ्या छातीवरचं ते प्रकरण बघून म्हणाली, "आरं, पोरीला टांगून कशापायी ठिवलंय?" आणि घरातलं एक जुनं सुती लुगडं घेतलं, दुहेरी केलं, कमरेत वाकली, पोरीला पाठुंगळी टाकली, कापड बुडाखालून पार गुडघ्यांपर्यंत पसरवलं, एक टोक खांद्यावरून आणि एक काखेखालून पुढे आणून छातीवर गाठ मारली. मिनिटभराचं काम. मग उभी राहून एक हलका हिसका दिला, तसं पोरीचं बूड खाली बसलं आणि दोन्ही गुडघे आजीच्या कमरेच्या वर आले, बेडकासारखे. ऐंशीच्या घरातली बाई तिला तसं घेऊन शेळ्यांना पाला टाकून आली आणि मी अडतीस वर्षांचा, अर्ध्या तासात मान धरून बसणारा. काखेत कळसा म्हणतात तो हाच. खुरपायला, ऊस तोडायला जाणाऱ्या बायका मुलांना अशाच बांधून न्यायच्या, आणि आम्ही आपले युट्यूबवर शोधतोय.

तो जो आकार, बूड खाली आणि गुडघे त्याच्यापेक्षा वर, मांड्यांना एका गुडघ्यापासून दुसऱ्यापर्यंत आधार, तोच इंटरनॅशनल हिप डिस्प्लेशिया इन्स्टिट्यूट नावाची संस्था बाळाच्या खुब्यांसाठी चांगला म्हणून सांगते, इंग्रजी एम अक्षरासारखा. पहिल्या सहा महिन्यांत त्याचं महत्त्व जास्त, कारण तेव्हा खुब्याचा सांधा कोवळा असतो. (म्हणूनच दुपट्यात पाय सरळ ताणून घट्ट बांधायची जी पद्धत आहे ती सोडा, हातापाशी बांधा पण पाय मोकळे राहू द्या.) तुमचा मुलगा ११ महिन्यांचा आहे त्यामुळे जुन्या कॅरियरने काही बिघडलं असेल म्हणून घाबरू नका, फक्त त्याला आणि तुम्हाला दोघांना त्यात आराम नाही एवढंच.

आता मापाचं. मुलाला छातीशी धरा, पाय दोन्हीकडे फाकवून तुमच्या कमरेला बिलगू द्या, आणि बायकोने माझ्यावर केलं तसं कुणाला तरी शिंप्याची टेप घेऊन एका गुडघ्याच्या मागच्या खाचेपासून बुडाखालून दुसऱ्या गुडघ्याच्या मागच्या खाचेपर्यंत मोजायला सांगा. कॅरियरचं बुडाखालचं कापड त्या मापाच्या जवळ जायला हवं, आणि रुंदी वाढवता येत असेल तर उत्तम, कारण पोरं उंचीने वाढतात ती आधी पायातच. पाठीचं कापड काखेच्या वरपर्यंत यायला हवं. वरची वजनमर्यादा वीस किलो लिहिलेली असते ती वाचून हुरळू नका, त्याचा अर्थ शिवण उसवणार नाही एवढाच, तुमची पाठ उसवणार नाही असा नाही.

प्रकारांपैकी स्ट्रेची रॅप, म्हणजे ते टीशर्टच्या कापडासारखं लांबलचक, ते तुमच्यासाठी बाद. तान्ह्या बाळाला स्वर्ग आहे पण सात-आठ किलोनंतर खाली ओघळतं. जपानी पद्धतीचं ओनबुहिमो हल्ली इकडेही मिळतं, त्याला कमरेचा पट्टाच नसतो, सगळं खांद्यांवर, म्हणजे तुमच्या तक्रारीत भरच. हिप सीट, तो कमरेला बांधायचा फोमचा ओटा, थोडा वेळ ठीक आहे पण लोकलमध्ये तुम्ही दोन माणसांची जागा खाता आणि शिव्याही.

राहिले दोन, आणि माझं खरं उत्तर हे दोन्ही मिळून आहे. लांब चालायचं असेल, प्रवास, बाजार, गड, तर बकलवालं सॉफ्ट कॅरियर, रुंद बुडाचं, कमरेचा पट्टा रुंद आणि टणक असलेलं. आणि घरात किंवा सोसायटीत, जिथे मूल पन्नास पावलं चालतं, मग हात वर करून "उचल", परत दोन मिनिटांनी "खाली", तिथे रिंग स्लिंग, म्हणजे दोन रिंगांतून ओवून एका खांद्यावर घ्यायचं लांब कापड. वर्षानंतर हा उचल-खालीचा खेळ दिवसभर चालतो आणि दर वेळी चार बकलं कोण लावत बसणार. रिंग स्लिंगमध्ये कडेवर घेतल्यासारखंच असतं, फक्त तुमचा हात सुटतो. वजन एका खांद्यावर येतं हा तोटा आहेच, त्यामुळे पाऊण तासाच्या पुढे नको आणि बाजू बदलत राहा. कापड खांद्यावर पसरलेलं हवं, दोरीसारखं गोळा झालेलं नको, रिंगा गळ्याखालच्या हाडाजवळ, आणि घट्ट करताना वरचा काठ, मधलं, खालचा काठ असं वेगवेगळं ओढायचं. घरी शिवणार असाल तर रिंगा बिनजोडाच्या घ्या, पडद्याच्या रिंगा अजिबात नको, जोडापाशी उघडतात. एकच घ्यायचं असेल तर बकलवालं घ्या, कारण नवऱ्यालाही तेच चालेल. माझी उंची पाच दहा आणि बायकोची पाच फूट, आम्ही एकच वापरलं, दर वेळी पट्टे सैल-घट्ट करायचे आणि त्यावरून भांडायचं.

आता बांधण्याकडे या, कारण साडेचार हजारांचं नवीन कॅरियर आणूनही पहिले चार दिवस माझी मान दुखलीच होती, मी चुकीचं बांधत होतो. पट्टा पँटच्या बेल्टच्या जागी नाही लावायचा. बायका कळशी कमरेवर टेकवतात ना, ते वरचं हाड, त्याच्यावर, आणि आधी तो पट्टा एवढा घट्ट की श्वास घेता येईल पण हात आत सहज जाणार नाही. मग मूल घ्या, कापड वर ओढा, दोन्ही हात आतून त्याच्या मांड्यांखाली घालून गुडघे वर उचला आणि बूड तुमच्याकडे आत ढकला. त्यानंतर खांद्याचे पट्टे. इथे गंमत आहे, मूल लटकत असताना पट्टा ओढला तर तो घट्ट होतच नाही, एका हाताने बुडाखालून मुलाला अर्धा इंच उचला आणि दुसऱ्या हाताने ओढा, सुर्रकन येतो. खांद्याचे दोन्ही पट्टे पाठीमागे जोडणारं छोटं क्लिप लागत नाही म्हणून बायको रडकुंडीला यायची, त्याची युक्ती म्हणजे पट्टे सैल असतानाच मानेमागे वर लावायचं आणि मग घट्ट करत खाली पाठीच्या फऱ्यांपर्यंत येऊ द्यायचं. शेवटी मुलाच्या डोक्याला हात लावून जरा पुढे वाका, तो छातीपासून सुटला तर अजून सैल आहे. नीट बसलं की खांद्याच्या पट्ट्याखाली अंगठा घालून बघा, भार कमी जाणवेल, बराचसा खाली कमरेवर गेलेला असतो.

मुलगा उंचीने असा झाला की त्याच्या टाळूमुळे तुम्हाला पायऱ्या दिसत नाहीत, की त्याला पाठीवर घ्या. आमच्याकडे हे साधारण तेराव्या महिन्यात झालं. पहिले काही वेळा पलंगाच्या कडेला उभं राहून आणि शेजारी दुसरं माणूस ठेवूनच. तुमच्यावेळी सोसायटीतल्या काकू "काय झाशीची राणी!" म्हणतील, मला वॉचमन "आई कुठाय हिची?" असं विचारायचा, दोन्ही सोडून द्या. पाठीवर तो काय करतोय ते बघायला मोबाइलचा सेल्फी कॅमेरा पुरतो. आमची एकदा भाजीवाल्याचा अख्खा टोमॅटो खाताना सापडली.

कापड सुती किंवा लिनन, किंवा जाळीवालं. आपल्याकडे मे महिन्यात तुमचं पोट आणि त्याचं पोट यांच्यामध्ये चुलाच पेटतो, त्यामुळे त्याला एकच पातळ झबलं, मध्ये एक सुती पंचा, आणि मानेमागे हात लावून बघत राहायचं, तापलेली असेल तर बाहेर काढा, पाणी द्या.

एक गोष्ट रागावून सांगतो. स्कूटरवर कॅरियरमध्ये बाळ घेऊन बसलेले लोक मी आठवड्याला बघतो. स्लिंग किंवा कॅरियर हे अपघातात वाचवणारं साधन नाही. केंद्राने २०२२ मध्ये काढलेल्या नियमात ४ वर्षांखालच्या मुलांसाठी दुचाकीवर सेफ्टी हार्नेस (मुलाला चालकाशी बांधणारे पट्टे), ९ महिन्यांपासून पुढे हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरच्या आत वेग असं सांगितलंय, आणि तो हार्नेस म्हणजे हे नव्हे. तसंच फोडणी करताना मूल छातीवर नको, मोहरी तडतडली की तिला दिशा नसते.

आणि घरात पुढेमागे दुसरं तान्हं आलं तर हीच स्लिंग त्याला घालण्याआधी सावध. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने मार्च २०१० मध्ये इशारा दिला होता, वीस वर्षांत स्लिंगशी संबंधित किमान १४ बाळांचे मृत्यू, त्यातली १२ चार महिन्यांच्या आतली. पिशवीसारख्या खोल स्लिंगमध्ये बाळ वाकतं, हनुवटी छातीला टेकते, नाक कापडात जातं. त्यामुळे तान्हं बाळ उभं, घट्ट, तोंड कायम दिसणारं, मान वाकवली की टाळूची पापी घेता येईल इतकं वर, आणि हनुवटी व छाती यांच्यात निदान एका बोटाची जागा. कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा.

सेकंड हँड घ्यायला हरकत नाही, आमची रिंग स्लिंग तशीच मिळाली, फक्त बकल चार वेळा उघडझाप करून बघा आणि पट्टे जिथे शिवलेत तिथली शिवण उजेडात धरून बघा. नवीन घेणार असाल तर परत करता येईल अशाच ठिकाणाहून, आणि घरी आणल्यावर टॅग न काढता मुलाला घालून अर्धा तास घरातच फिरा, झाडू मारा, कपड्यांच्या घड्या करा. दुकानातल्या दोन मिनिटांत सगळीच कॅरियर छान वाटतात.

धुण्याचं राहिलं. बकलं लावून उशीच्या अभ्र्यात घालून मशीनला टाकायचं नाहीतर बकलं ड्रमवर आपटून तडकतात, पिळायचं नाही, सावलीत वाळवायचं. पावसाळ्यात कमरेच्या पट्ट्यातला फोम दोन-दोन दिवस वाळत नाही आणि वास मारतो, आणि तुमच्या मुलाला आत्ता दात येत असणार म्हणजे खांद्याचे पट्टे तो चावून चावून ओले करणारच, तेव्हा पट्ट्यांवर गुंडाळायची सुती कव्हरं घ्या नाहीतर जुन्या टॉवेलची शिवून घ्या, निदान तीन जोड, रोज तेवढीच धुवायची.